पोटदुखी खरी होती

लेक पहिलीत गेली आणि जुलैपासून रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. रविवारी मात्र काही नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात लगेच दोन पक्ष पडले. सासूबाई म्हणाल्या, "नाटकं आहेत, रिक्षात बसवून द्या, रडेल आणि गप्प होईल." सासऱ्यांनी थेट सयाजीराव महाराज काढले. १९०६ साली बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, मुलांना शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड व्हायचा. तेव्हा तुम्हीही पैसे बाजूला काढून ठेवा!

मी आधी बालरोगतज्ज्ञांकडे गेले. लघवीची तपासणी चांगली आली, पण पोट साफ होत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "शाळेत पाणी पिते का?" बाटली तर रोज भरलेलीच घरी येत होती. ते म्हणाले, बद्धकोष्ठाने पोट दुखतं तसं भीतीनेही दुखतं, आणि दोन्ही दुखणी खरीच असतात.

"शाळेत का जायचं नाही?" असं विचारलं की ती खांदे उडवायची. म्हणून रात्री शाळा-शाळा खेळलो. ती टीचर, मी विद्यार्थिनी. मी बोट वर करून म्हटलं, "टीचर, बाथरूमला जाऊ?" टीचर गंभीरपणे म्हणाल्या, "नको. कडी अडकते." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एकदा ती आत अडकली होती आणि बाहेरून मोठ्या मुली दार बडवत होत्या. तेव्हापासून बाथरूमला जावं लागू नये म्हणून ही पाणीच पीत नव्हती.

वर्गशिक्षिका समजूतदार निघाल्या. मासी, म्हणजे शाळेतली मदतनीस बाई, दाराशी उभी राहील, कडी लावायची नाही, असं ठरलं. शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सांगितली आहेत. कडी सहा वर्षांच्या हाताला निघते का, हे बघायला आईबापच लागतात. ती कडी बदलायला नवरात्र उजाडलं.

पण कारण कळलं म्हणून भीती लगेच जात नाही. शाळा पूर्ण बंद करू नका, घरी राहिली की परत जाणं आणखी जड होतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे आधी मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण वेळ. फाटकाशी रेंगाळायचं नाही. "साडेबाराला मी इथेच उभी असेन" एवढं सांगून निघायचं, आणि साडेबाराला खरोखर उभं राहायचं. घरी राहिलीच तर टीव्ही नाही, मोबाइल नाही. आजीचा शिराही नाही. हे शेवटचं कलम पाळून घेणं सगळ्यात अवघड गेलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पोट पुन्हा दुखलं. या वेळी आम्ही शाळा उघडायच्या आधीपासूनच तिला लवकर उठवत होतो आणि शेजारच्या मैत्रिणीला तिच्याच रिक्षात जागा करून ठेवली होती. बाटली अजून मी रोज हलवून बघते. हल्ली अर्धी तरी रिकामी असते.