नांगराला लागलेला जड काळा दगड: उल्का की बेसाल्ट?

रान नांगरताना वेगळा दगड लागला की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो: उल्का तर नाही? दगड काळा असतो, हाताला जड लागतो, चुंबक त्याच्याकडे ओढला जातो. पण या तिन्ही गोष्टी आपल्या साध्या काळ्या पाषाणाला, म्हणजे बेसाल्टलाही लागू पडतात. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असतात, त्यामुळे ताकदीचा चुंबक दोऱ्याला टांगून जवळ नेला की तो थोडा तरी झुकतोच. म्हणून तपासायला बसताना त्याच रानातला, साधारण तेवढाच एक नेहमीचा दगड शेजारी ठेवावा आणि प्रत्येक तपासणी दोघांवर करावी. वेगळेपण किती आहे ते तुलनेतच कळतं.

हातोडा, पाणी आणि ताकदीचा चुंबक या तीन गोष्टी सुरुवातीला लांब ठेवा. दगड खरंच उल्का असेल तर हातोड्याने त्याचं वरचं कवच उडतं, पाण्याने आतलं लोखंड गंजायला लागतं, आणि जोरदार चुंबक टेकवला की दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. ही नोंद शास्त्रज्ञांना हवी असते, आणि ती परत आणता येत नाही. चुंबकाऐवजी साधं होकायंत्र वापरा. ते जमिनीवर स्थिर ठेवा, दगड हळूहळू जवळ आणा आणि सुई किती फिरते ते बघा. मग तेच शेजारच्या दगडाने करून बघा.

मऊ ब्रशने माती झाडली की दहापट भिंगातून पृष्ठभाग नीट बघा. नुकत्याच पडलेल्या दगडी उल्केवर मंद काळं, कागदासारखं पातळ कवच असतं. त्याची जाडी सहसा एक मिलिमीटरपेक्षा कमी असते. कुठे टवका उडाला असेल तर आतला भाग बहुधा फिकट राखाडी दिसतो. बाहेर काळा आणि आत उजळ असा फरक मोलाचा. बेसाल्टचं बरोबर उलटं असतं: वरची साल झिजून तपकिरी किंवा पिवळट होते आणि आत ताजा काळा-करडा दगड निघतो. काही उल्कांवर ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगेही असतात. मात्र पावसाळे अंगावर घेतलेल्या उल्केचं कवच गंजून तपकिरी होतं, त्यामुळे नुसत्या रंगावर निकाल देऊ नका.

खोल, गोल, बुडबुड्यांसारखी भोकं दिसली तर उल्केची आशा जवळजवळ सोडावी. अशी भोकं लाव्हातून वायू निसटताना पडतात, नाहीतर लोहकीटात असतात. लोखंड गाळताना उरलेला हा मळ जड, काळा, काचेसारखा चकचकीत असतो, आणि लोखंडाचे थेंब अडकले असतील तर चुंबकालाही जोरात ओढतो. सगळ्यात जास्त फसगत याच्याचमुळे होते. पण तो फेकून देऊ नका. एकाच जागी बराच मळ, खापरं आणि भाजलेल्या मातीचे तुकडे मिळत असतील तर तिथे जुनी भट्टी असू शकते. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला महापाषाणयुगातली लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली आहे. अशी जागा उकरू नये, पुरातत्त्व विभागाला कळवावी.

कवचाचा मागमूस नसेल तर पुढची पायरी वजनाची. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. आधी कोरड्या दगडाचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. दगड बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असा पाण्यात लोंबता धरा. तळाला किंवा कडेला तो टेकता कामा नये, टेकला की आकडा उगाच वाढतो. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड आहे ते कळतं. दगड ४१२ ग्रॅमचा आणि बुडवल्यावर आकडा १४५ आला, तर उत्तर साधारण २.८४. हा बहुधा बेसाल्टच, कारण घट्ट बेसाल्ट २.८ ते ३ च्या आसपास असतो. गारगोटी २.६५ ला येते, साध्या दगडी उल्का बहुतेक ३.३ ते ३.७ मध्ये, आणि लोखंडी उल्का ७.५ च्या वर. दगड निदान १०० ग्रॅमचा घ्या. वीस ग्रॅमच्या खड्यात एका ग्रॅमची चूक सगळा हिशोब बिघडवते. सच्छिद्र दगडात हवा अडकते आणि उत्तर खोटं हलकं येतं, म्हणून तो बुडवून, हलवून बुडबुडे निघू द्या, मग आकडा वाचा.

उत्तर चारच्या वर आलं तर फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड घासा. लालसर तपकिरी रेघ म्हणजे हेमॅटाइट, ठळक काळी म्हणजे बहुधा मॅग्नेटाइट. ही दोन्ही लोहखनिजं आहेत. कोकणात आणि गोव्यात जांभ्यातल्या लोहयुक्त गाठीही अशाच फसवतात, पण त्यांची रेघ पिवळट किंवा तांबूस उमटते.

पांढऱ्या, चमकदार खड्यांचं थोडक्यात सांगतो. काच खरवडली गेली तर गारगोटी किंवा अकीक. चाकूने सहज ओरखडा उठला आणि लिंबाचा रस टाकल्यावर फसफसलं तर कॅल्साइट. चाकू चालतो पण फसफसत नाही आणि खडा हलका आहे, तर विहिरीच्या खडकातून निघणारं झिओलाइट असण्याची शक्यता मोठी. काळ्या जमिनीत मात्र कुठल्याही दगडावर चुनखडीचा पांढरा थर चढतो आणि तो लिंबाने फसफसतोच. थर खरवडून आतल्या ताज्या भागावर रस टाका.

लोणारच्या आसपास उल्केचे तुकडे शोधणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. आदळलेल्या उल्केचे मोठे तुकडे तिथे मिळालेले नाहीत. काचेसारखं जे आढळतं ते आघाताने वितळलेलं बेसाल्ट आहे, आणि ते जागेवरच राहू द्यावं. याउलट २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात खरोखर उल्का पडल्या आणि लोकांना त्यांचे तुकडे मिळाले.

काळं कवच, आत फिकट रंग, त्यात चांदीसारखे धातूचे कण आणि होकायंत्राची जोरात फिरणारी सुई हे सगळं एकत्र जुळलं तर दगड ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा, सिलिका जेलची पुडी घालून पिशवी बंद करा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाशी संपर्क साधा. शेजारी मोजपट्टी ठेवून सहा बाजूंचे फोटो, वजन, गट नंबर, सापडल्याची तारीख आणि खोली पाठवा. दगड नांगराच्या तासात मिळाला, विहिरीच्या मातीत की बाहेरून आणून टाकलेल्या मुरमात, हेही लिहा. मुरमातून आलेल्या दगडाचं मूळ त्या रानात नसून खाणीत असतं.