पडवीचा लाल कोबा : नोंद चौथी

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. कुडाळजवळच्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत लाल कोबा, म्हणजे घोटलेली लाल सिमेंटची जमीन आहे. दारापाशी त्याला दीड फूट चौरस खड्डा पडलाय. दुकानातून रेड ऑक्साइडची पुडी आणली की काम एका दिवसाचं, हे घरातल्या सगळ्यांनी मला सांगून झालंय. मला मात्र तो खड्डा परड्यातल्या जांभ्यापासून, म्हणजे कोकणातल्या तांबड्या भोकाळ दगडापासून केलेल्या रंगाने भरायचाय. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा हिशेब खाली देतोय.

आधी जुन्या कोब्याची तपासणी. खड्ड्याच्या काठचा सुटलेला तुकडा पुण्याला आणला आणि करवतीने आडवा कापला. लाल थर जेमतेम ३ मिलिमीटर, खाली साधा राखाडी कोबा. तुकडा व्हिनेगरमध्ये टाकल्याबरोबर बुडबुडे आले, कारण सिमेंटमधला मोकळा चुना इतक्या वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी झालाय. रोज व्हिनेगर बदलत आठवडाभर ठेवला. तळाशी वाळूचे चार कण आणि मऊ लाल गाळ उरला. चिनी मातीच्या फरशीच्या खडबडीत मागच्या बाजूवर तो गाळ घासला तर विटकरी लाल रेघ उठली. रंग व्हिनेगरला दाद देत नाही आणि रेघ लाल, म्हणजे हेमटाइट, लोहाचा ऑक्साइड. अपेक्षित होतंच, पण डोळ्यांनी पाहिल्यावर बरं वाटलं.

आता जांभा. चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, फोडला की आत एकच रंग नसतो. तपकिरी-लाल जाळी आणि तिच्या भोकांत पिवळी माती. स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस बुकाननने केरळात अंगाडिपुरमला हाच प्रकार पाहून १८०७ साली त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. खाणीतून ओला असताना कुऱ्हाडीने कापता येतो आणि हवेवर कडक होतो, हे आपल्याकडच्या चिरेखाणीवाल्याला कुणी शिकवायला नको. मी लाल जाळी सोडून मुद्दाम पिवळा भाग कोरून घेतला. लाल जाळीत गारेचे कण फार आणि ती कुटता कुटता खलबत्ता रडतो. पिवळा भाग मऊ, आणि त्यातलं लोह गोएथाइटच्या रूपात असतं, म्हणजे पाणी बांधलेला लोहाचा ऑक्साइड. भाजला की पाणी उडतं आणि हेमटाइट उरतं. पिवळ्याचं लाल करायची ही युक्ती माणसाला गुहेत राहत असल्यापासून माहीत आहे.

१ किलो पिवळी माती कुटली (मास्क लावून, ही धूळ छातीत जाऊ देऊ नका), बादलीत ढवळली, एक मिनिट थांबून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतलं. असं पाच वेळा. रात्रभर निवळू दिल्यावर आणि सुकवल्यावर २१० ग्रॅम पीठ मिळालं. बाकी सगळी वाळू आणि खडे.

पहिली भट्टी फसली, आणि या नोंदीतला सगळ्यात मजेदार भाग तोच. ४० ग्रॅम पीठ मातीच्या बोळक्यात घातलं, वर झाकण ठेवलं आणि बोळकं चुलीच्या निखाऱ्यांत तासभर पुरलं. बाहेर आलं ते चॉकलेटी-काळं. लोहचुंबक जवळ नेला तर अर्धी पूड उडून चिकटली! हेमटाइट असं चिकटत नाही. पिठात बारीक मुळं आणि पालापाचोळा राहिला होता. झाकणाखाली तो जळायला हवा मिळाली नाही, म्हणून त्याच्या कोळशाने लोहाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतला आणि मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारा लोहाचा काळा ऑक्साइड झाला. वीटभट्टीत हवा कोंडलेल्या विटा काळ्या पडतात, त्यामागेही हीच गोष्ट.

दुसऱ्या खेपेला झाकण नाही, पीठ पसरट खापरावर पातळ पसरलं आणि मधूनमधून सळईने उलटत राहिलो. दहा मिनिटांत पिवळा रंग नारिंगीवर गेला, अर्ध्या तासात लाल. पुन्हा ४० ग्रॅमच घेतले होते, उरले ३४.३. घट १४ टक्क्यांच्या थोडी वर. शुद्ध गोएथाइट भाजलं तर फक्त १०.१ टक्के घट यायला हवी. पीठ आधी ओव्हनमध्ये ११० अंशांवर सुकवलं होतं, म्हणजे नुसता ओलावा नव्हे. जांभ्यात गिब्साइट असतं, ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड, ते साधारण ३०० अंशांना ३४.६ टक्के वजन सोडतं. केओलिनाइट ही चिकणमाती ५०० अंशांच्या वर सुमारे १४ टक्के सोडते. निखारे लालभडक होते, तेव्हा तिघांचंही पाणी गेलं असणार. थोडक्यात, माझा ‘रंग’ हा लोह अधिक माती आहे, पुडीतल्यासारखं निव्वळ लोह नव्हे. पुढची थोडी डोकेदुखी त्यातूनच आली.

भाजताना एक लक्षात ठेवा : जास्त तापवून जास्त लाल होत नाही. आच वाढली की हेमटाइटचे कण मोठे होतात आणि रंग जांभळ्याकडे झुकतो. माझी तिसरी खेप अशीच वांग्याच्या सालीसारखी झाली.

आता खड्डा भरण्याआधी रंग पारखायला केलेल्या नमुन्याच्या फरश्या. मिठाईच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत खाली १ भाग सिमेंट, ३ भाग वाळू, आणि वर ३ मिलिमीटर रंगीत थर. सिमेंट आणि रंग आधी कोरडेच एकत्र दोनदा चाळले, पाणी नंतर. हे टाळलं तर लाल ठिपके राहतात आणि मग ते कितीही घोटलं तरी जात नाहीत. रंग सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांपुढे नेला नाही, पुढे थर कमजोर होतो.

दुकानातली पुडी, ५ टक्के, पांढऱ्या सिमेंटमध्ये : भडक, खेळण्यातल्या गाडीसारखी. तीच राखाडी सिमेंटमध्ये : शांत, पडवीच्या बरीच जवळ. सिमेंटचा राखाडीपणाही मुख्यतः लोहामुळेच असतो. तिथे ते कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमशी बांधलेलं, काळपट. पांढऱ्या सिमेंटला लोह कमी असलेला कच्चा माल निवडतात तो त्यासाठी. पिवळं, लाल, काळं, राखाडी, चारही ठिकाणी लोहच.

कुंड्यांना लावतात तो गेरू, १० टक्के : पूर्ण फसला. गेरूत चिकणमाती भरपूर, ती पाणी पिते. बाकीच्यांना १०० ग्रॅम सिमेंटमागे ४० मिलिलिटर पाणी पुरलं, याला ५५ लागलं. चौथ्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, आणि बोट फिरवलं की बोट लाल.

गंमत म्हणून एका तुकड्यात हळद घातली होती. सिमेंट चुन्यासारखंच अल्कधर्मी, त्यामुळे कालवताच कुंकवासारखा लाल रंग आला. बायको म्हणाली, मग हेच वापर की. गच्चीवर दोन आठवड्यांच्या उन्हात तो मळक्या राखेवर आला. लोहाचे ऑक्साइड चुन्यालाही घाबरत नाहीत आणि उन्हालाही.

माझा जांभा, ५ टक्के : फिकट, गुलाबीसर. १० टक्के : रंग जमला, पण तिसऱ्या दिवशी वर पांढरी साय धरली. कोवळी फरशी बाथरूमच्या ओल्या कोपऱ्यात ठेवली होती. आतला चुना पाण्यातून वर येऊन तिथेच चुनखडी झाला. लिंबू चोळलं, फेस येऊन साय गेली, पण लिंबाने सिमेंटही खाल्लं आणि तिथला तुळतुळीतपणा गेला. लिंबू चोळू नका.

गणपतीत गावी ती फरशी मेस्त्रींना दाखवली. रंगाकडे त्यांनी पाहिलंही नाही. पृष्ठभागावर नख ओढून म्हणाले, “अरे, थापी किती फिरवतस? पाणी वर येता.” खरं होतं. चमक यावी म्हणून मी ओल्यातच घोटत बसलो होतो. पाणी आणि बारीक कण वर आले, वरचा पापुद्रा कच्चा राहिला. थर आवळेपर्यंत थांबायचं, अंगठा दाबला तर ठसा उमटावा पण बोटाला काही लागू नये, मग घोटायचं. सातवी फरशी तशी केली. चोवीस तासांनी पाण्यात बुडवली, दहा दिवसांनी काढली, सुकल्यावर खोबरेल चोळलं. जुन्या तुकड्याशेजारी ठेवली तर दिव्याखाली फरक कळत नाही. उन्हात माझी किंचित नारिंगी दिसते.

खड्ड्याला अंदाजे ७५० ग्रॅम सिमेंट, म्हणजे ७५ ग्रॅम रंग लागेल. हाताशी चांगला लाल ५२ ग्रॅम आहे. वांगी रंगाच्या खेपेतले ८-१० ग्रॅम मिसळले तर नारिंगी झाक मरेल असं वाटतंय. आठवी फरशी त्या मिश्रणाची, काल रात्री ओतली. कमी पडणाऱ्या रंगासाठी पाऊस थांबल्यावर पुन्हा परड्यातला चिरा फोडायचा आहे. या वेळी पीठ चाळून मुळं आधी काढणार.