१८२व्या जागेवरचा मिथिल

सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याच्या आसवनीत मी केमिस्ट आहे. मळीचा ब्रिक्स (विरघळलेल्या घटकांचं प्रमाण), वॉशचा म्हणजे आंबणाऱ्या मळीच्या द्रावणाचा पीएच आणि मिथिलीन ब्लू टाकून सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या यीस्टची मोजदाद, हे रोजचं काम. यीस्टने साखर खाऊन अल्कोहोल द्यावं, एवढीच आमची अपेक्षा. मला मात्र सध्या त्याच्या पोटातल्या प्रथिनांच्या एका जोडगोळीने वेड लावलंय.

रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, अमिनो आम्लं जोडत प्रथिनाची साखळी विणत जातो आणि संदेशवाहक आरएनएवर यूएए, यूएजी किंवा यूजीए ही थांबण्याची खूण आली की थांबतो. पण थांबल्यावरही साखळी टीआरएनएला, म्हणजे अमिनो आम्लं आणून देणाऱ्या रेणूला, चिकटलेलीच असते. ट्रॅक्टर यार्डात उभा राहिला तरी पिन उपसल्याशिवाय ट्रॉली सुटते का? ती पिन उपसणारं प्रथिन म्हणजे ईआरएफ१. त्याच्या एका टोकाला ग्लायसिन, ग्लायसिन, ग्लुटामिन अशी तीन अमिनो आम्लं ओळीने बसलेली. ते टोक रायबोसोमच्या गाभ्यात शिरतं आणि पाण्याच्या रेणूकरवी साखळी तुटून मोकळी होते.

यातल्या ग्लुटामिनच्या, म्हणजे यीस्टमधल्या १८२व्या जागेच्या, बाजूच्या नायट्रोजनवर एक मिथिल चढवलेला असतो. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स. एस-अडेनोसिल मेथिओनिन या मिथिल पुरवणाऱ्या रेणूकडून घेऊन तो चढवतं एमटीक्यू२ हे विकर, पण टीआरएम११२ हे दुसरं प्रथिन सोबत असेल तरच. आणि नखरा बघा: एकटं ईआरएफ१ समोर आलं तर ही जोडी त्याला हातच लावत नाही. ईआरएफ३ हे त्याचं जोडीदार प्रथिन आणि जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू यांच्यासह बांधलेलं हवं.

माझा जीव टीआरएम११२वर. जस्त धरून ठेवणारं छोटंसं प्रथिन, स्वतः मिथिल चढवत नाही. तरी टीआरएम९, टीआरएम११ आणि बड२३ ही मिथिल चढवणारी इतर विकरंही त्याच्यावाचून अडतात. पहिले दोघे टीआरएनएवर काम करतात, तिसरा रायबोसोमच्या आरएनएवर. म्हणजे प्रथिन बनवण्याच्या कारखान्यात सगळीकडे याचीच हजेरी!

रात्रपाळीत हे सगळं तात्यांना सांगितलं. सॅम्पलच्या बाटल्या धुता धुता त्यांनी विचारलं, "मॅडम, आन् ह्यो मिथिल न्हाई चढला तर यीस्ट मरतंय का?"

"मरत नाही तात्या. एमटीक्यू२चं जनुकच काढून टाकलं तरी जगतं, पण वाढ मंदावते."

"मग युरिया वाढवून बघायचा."

वाढ मंदावली की आम्ही आधी युरिया आणि डीएपीच बघतो, त्यामुळे तात्यांचं काही चुकलं नाही.

मला खरा धक्का जिवाणूंनी दिला. साखळी सोडवणारी त्यांची प्रथिनं, आरएफ१ आणि आरएफ२, घडणीत ईआरएफ१पेक्षा साफ वेगळी. तरी टोकाला तेच तिघे, आणि त्याच ग्लुटामिनवर मिथिल! तिथे तो पीआरएमसी नावाचं विकर चढवतं. माणसात हीच जागा १८५वी, आणि काम करणारी जोडी हेमके२ आणि टीआरएमटी११२. तात्यांना हे अजून सांगायचंय.