ठिसूळ हाडं, नाचणी आणि रविवारची गोळी

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या सगळ्या पँटी पायघोळ व्हायला लागल्या. गिरगावातला आमचा शिंपी त्या आखूड करून द्यायचा आणि बायको म्हणायची, "तुम्हीच आटत चाललाय." ते खरं निघालं. पाठ धरली म्हणून एक्स-रे काढला, तर एक मणका चेपलेला. पडलो नाही, आपटलो नाही, तरीही.

डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, लिहून दिला. ठिसूळ हाडं हे बायकांचं दुखणं, अशी सगळ्यांची ठाम समजूत, सेंटरवरच्या मुलीनेही विचारलं, "काकू कुठायत?" तपासणीत काहीच त्रास नाही. पट्टा, नाणी काढायची आणि टेबलावर निवांत पडून राहायचं.

खुब्याचा टी-स्कोर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत आपली घनता किती, याचा आकडा) उणे २.७ आला, कमरेच्या मणक्यांचा उणे १.६. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजेच हाडं ठिसूळ. मी मणक्यांच्या आकड्यावर खूश होतो, पण डॉक्टर म्हणाले, "काका, त्यावर जाऊ नका. उतारवयात मणक्यांना संधिवाताची वाढ येते, चेपलेलं हाडही दाट दिसतं, आकडा उगाच फुगतो." ड जीवनसत्त्व तर ११, वीसच्या खाली म्हणजे कमतरता. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे. पुढे मनाने घ्यायची नाही, अशी तंबीही.

मग आहार. दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३६०, पेलाभर दुधात अडीचशेच्या आतबाहेर. पालकावर माझी फार भिस्त होती. पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी फारसं लागतच नाही. त्यापेक्षा तिळाची चटणी, काट्यासकट कुरकुरीत मांदेली आणि सुका जवळा बरा. हे सगळं आमच्या घरात आधीपासून होतं, त्यामुळे जड गेलं नाही.

जड गेली ती प्रथिनं. माझं वजन साठ किलो, म्हणजे रोज निदान साठ ग्रॅम. रात्रीच्या पातळ आमटी-भातात त्यातलं कितीसं येणार? आता सकाळी दोन अंडी, संध्याकाळी उसळ आणि दोन्ही वेळा दही. नुसतं कॅल्शियम मोजत बसणाऱ्या मंडळींना मी हेच सांगत असतो. पापड-लोणचं कमी केलं, कारण जास्त मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियमही जातं. याचं दुःख अजून आहे.

खरी कसरत गोळ्यांच्या वेळांची. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तास हवेत, म्हणून कॅल्शियम जेवणाबरोबर. हाडांची झीज रोखणारी आठवड्याची गोळी, अॅलेंड्रोनेट, रविवारी, उठल्याउठल्या, नुसत्या साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. तो अर्धा तास संपला की थायरॉइडची गोळी आणि चहा त्याच्याही नंतर. त्यामुळे रविवारी घरात माझ्याशी कुणी बोलत नाही.

पुढचा डेक्सा डॉक्टर सांगतील तेव्हा. तोवर मोरीत धरायला दांडा बसवायचाय. प्लंबर रोज "उद्या नक्की" म्हणतोय.