पाणी नसलेल्या दिवशी आलेलं पाणी

"नळ कोणाच्या नावावर आहे?" हा प्रश्न मी सहा आठवड्यांत इतक्या वेळा ऐकला की आजही आठवला तरी डोकं भणभणतं. नळाला घाण पाणी येतंय हे सांगायला मी नगरपालिकेत गेले होते आणि तिथे माझ्याकडे सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला मागत होते.

आमच्याकडे एक दिवसाआड पाणी. एप्रिलमध्ये एका कोरड्या दिवशी भरदुपारी अंगणातल्या उघड्या राहिलेल्या नळातून आधी हवा फुसफुसली आणि मागोमाग धार लागली. कोमट, मचूळ पाणी, बादलीच्या तळाला बारीक गाळ. उन्हाळ्यात मिळतंय म्हणून दोन-तीनदा झाडांना घातलं. पण महिन्याभरात धाकटीला दुसऱ्यांदा जुलाब लागले, तेव्हा लक्षात आलं की पाण्याच्या दिवशीसुद्धा पहिली दहा मिनिटं हीच मचूळ चव असते, आणि पिण्याचा हंडा मी नेमका तेव्हाच भरते.

शेजारच्या इमारतीची बोअरची मोटर लागली की आमच्या भिंतीला घरघर ऐकू येते. चार दिवस मी वहीत वेळा लिहिल्या. मोटर लागली की आमच्या नळाला पाणी, बंद झाली की थोड्याच वेळात धार तुटायची. तिथल्या वॉचमनमामांनी जागा दाखवली. मीटरच्या पुढे, खालच्या टाकीत जाणाऱ्या नगरपालिकेच्या पाइपलाच टी (तीन तोंडांचा जोड) मारून बोअरची लाइन जोडलेली. मध्ये एकच व्हॉल्व्ह, तोही गाळाने नीट न बसणारा. पाणी सोडलेलं नसतं तेव्हा रस्त्यावरच्या लाइनीत दाब नसतो. मोटरचा जोर मिळाला की बोअरचं पाणी उलटं त्या लाइनीत शिरणार आणि तिथून अख्ख्या गल्लीच्या घरात.

एवढं सगळं वहीत घेऊन पाणीपुरवठा विभागात गेले. टेबलावरच्या साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही. नळ सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन सहा वर्षं झाली. "मग आधी नामांतर करा, तक्रार जोडधारकानेच द्यायची असते." नामांतराला मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, घरपट्टीची पावती आणि सगळ्या वारसांची संमती. दीर मस्कतला. त्यांनी सही करून पाठवलेलं पत्र "मूळ प्रत नाही" म्हणून परत आलं. पुढच्या खेपेला साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाले, पाणीपट्टीचे मागचे एकशे चाळीस रुपये बाकी दिसतायत, ते भरा. भरले. मग पावती संगणकावर चढायला चार दिवस. एवढ्या वेळात मोटर रोज लागत होती आणि गल्लीतल्या पंधरा घरांत ते पाणी जात होतं. मी त्यांना म्हटलं, "साहेब, घर पेटलं तर अग्निशमनवाले सातबारा मागतात का?" त्यांनी पुढचा माणूस बोलावला. बाहेर पायरीवर बसून मी रडले, रागाने.

वाट दाखवली पाणी सोडायला येणाऱ्या व्हॉल्व्हमनदादांनी. ते म्हणाले, "ताई, नळाची तक्रार करूच नका. दूषित पाण्याची करा." फरक एवढाच, पण सगळा त्यातच. दूषित पाण्याची तक्रार गल्लीतला कोणीही करू शकतो, नळ कोणाच्याही नावावर असो. त्यांनी ओटी टेस्टही, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी, करून दाखवली. पाण्याच्या दिवशी थेंब टाकले की नळी पिवळी, म्हणजे क्लोरीन आहे. कोरड्या दिवशीच्या पाण्यात थेंब टाकले, नळी पांढरी ती पांढरीच.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहिला, प्रत आरोग्य विभागाला. टेबलावर कोणाच्या हातात दिला नाही. आवक-जावकला देऊन पोच घेतली, शिक्का आणि क्रमांकासकट. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही करा. सोबत अकरा घरांच्या सह्या आणि वहीच्या पानांची झेरॉक्स.

तिसऱ्या दिवशी नमुना घ्यायला माणूस आला. (स्वतः नमुना नेणार असाल तर बाटली प्रयोगशाळेचीच घ्या आणि ती विसळू नका, क्लोरीन मारणारं औषध आत आधीच घातलेलं असतं. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.) अहवाल आला : कोलिफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जंतू, ई. कोलाय त्यातलाच) आढळले, पिण्यास अयोग्य. पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलीत ई. कोलाय एकही चालत नाही, तसं मानकच आहे.

मग कनिष्ठ अभियंता स्वतः आले. त्यांनी शेजारच्या इमारतीच्या मीटरवरची धूळ पुसली आणि मोटर लावायला सांगितली. मीटरचा बारीक काटा उलटा फिरायला लागला. कमिटीचे सगळे वाकून बघत होते, कोणी काही बोललं नाही. त्या काट्याकडे बघताना मला जे वाटलं ते सहा आठवड्यांच्या खेपांचं मोल होतं.

तरी संध्याकाळी त्यांच्यातले एक काका म्हणालेच, "इतकी वर्षं चाललंय, कोणाला काय झालं?" मी त्यांना शिकागोचं सांगितलं. 1933 साली तिथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं. दोन हॉटेलांच्या सदोष नळजोडण्यांमुळे मैला पिण्याच्या पाण्यात मिसळला, अमीबाची आव पसरली आणि 98 माणसं गेली. तिथेही पाइप वर्षानुवर्षं तसेच होते.

टी कापायला प्लंबरला एक तास लागला. आता बोअरची लाइन वेगळी, टाकीच्या वरून मोकळी पडते. नगरपालिकेच्या पाइपचं तोंडही पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपासून चार बोटं वर आहे. हे अंतर पाइपच्या व्यासाच्या निदान दुप्पट हवं. नुसत्या एनआरव्हीवर (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर) विसंबू नका, गाळ अडकला की तोही उघडा राहतो. मधल्या हवेतून पाणी उलटं जात नाही. आणि हो, घरातही नळाची नळी बादलीत किंवा हौदात बुडवून ठेवू नका. पाणी जाताना लाइन तेच ओढून घेते.

काल कोरडा दिवस होता. शेजारची मोटर घरघरली तसा मी अंगणातला नळ उघडला आणि मोटर बंद होईपर्यंत तिथेच उभी राहिले. थेंबही आला नाही.