चोरी, गहाळ आणि कोरा कागद

काही वर्षांपूर्वी गर्दीच्या बसमध्ये माझ्या पिशवीची चेन उघडून कोणीतरी फोन काढून घेतला. तक्रार द्यायला गेले तेव्हा टेबलामागच्या अंमलदारांनी बसायला सांगितले, पाणी हवे का विचारले, माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि लिहून झाल्यावर कागद सहीसाठी पुढे सरकवला. त्यावर लिहिले होते की प्रवासादरम्यान माझा फोन 'कोठेतरी गहाळ झाला'. मी म्हटले, गहाळ नाही झाला, चोरीला गेला. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, कुणाला काढून घेताना पाहिलंत का? नाही ना? मग चोरी कशी लिहायची? नवीन सिमकार्ड घ्यायला एवढा कागद पुरतो." मला सिमकार्ड हवेच होते आणि कामावर जायला उशीर होत होता. मी सही केली.

या प्रसंगात कोणी आवाज चढवला नाही, पैसे मागितले नाहीत, अपमान केला नाही. पोलिसांविषयी बोलताना आपण ज्या गोष्टींची चीड व्यक्त करतो, त्यांपैकी एकही तेथे घडली नाही. तरीही एका शब्दाच्या बदलाने एक गुन्हा नाहीसा झाला, कारण गहाळ झालेल्या वस्तूला आरोपी नसतो, तिचा तपास करावा लागत नाही आणि महिनाअखेरच्या गुन्हे आढाव्यात ती मोजलीही जात नाही. लोक पोलिसांचे का ऐकतात यावर आयुष्यभर संशोधन केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांचे म्हणणे असे, की निकाल आपल्या बाजूने लागला की नाही यापेक्षा आपल्याशी न्याय्य रीतीने आणि सन्मानाने वागले गेले का, यावर लोकांचा विश्वास अधिक अवलंबून असतो. ते मला मान्य आहे. पण सन्मानाने वागवून चुकीची नोंद करता येते, हेही मी पाहिले आहे. पोलिसांच्या उत्तरदायित्वाची चर्चा लाठी, बंदूक आणि कोठडी यांभोवती फिरते. माझ्या मते तिची सुरुवात लेखणीपासून व्हायला हवी. जी यंत्रणा बळ वापरते तीच त्या बळाची पहिली हकिकतही लिहिते, आणि पुढची सगळी चौकशी त्या हकिकतीवर उभी राहते.

गुन्ह्याची नोंद टाळणे हा केवळ आपल्याकडचा रोग आहे, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. इंग्लंड आणि वेल्समधील पोलीस निरीक्षणालयाने नोव्हेंबर २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, पोलिसांना कळवल्या गेलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के गुन्हे नोंदवलेच जात नव्हते, म्हणजे वर्षाला आठ लाखांहून अधिक. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या गुन्हे-आकडेवारीला दिलेला 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जा काढून घेतला होता. म्हणजे देशाने आपल्याच पोलिसांच्या आकड्यांवर अधिकृतपणे अविश्वास नोंदवला. कारण समजायला अवघड नाही. ज्याच्या कामाचे मोजमाप गुन्हे कमी होण्यावर केले जाते, त्याच्याच हाती गुन्ह्यांची नोंदवही दिली, तर नोंदवही सडपातळ होणारच. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात सांगितले, की माहितीतून दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीविना करू शकतात असा गुन्हा, उघड होत असेल तर प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) नोंदवणे बंधनकारक आहे. आलेली तक्रार लिहून घ्यावी, एवढे सांगायला घटनापीठ बसवावे लागले.

फोन ही किरकोळ गोष्ट झाली. जेथे पोलीस स्वतःच चुकलेले असतात, तेथे हीच लेखणी काय करते, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत पूर्ण उदाहरण इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानाचे आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी फुटबॉल सामन्याच्या वेळी आधीच भरलेल्या, कठडे घातलेल्या कप्प्यांमध्ये आणखी गर्दी लोटली गेली आणि चेंगराचेंगरीत माणसे गुदमरली. बळींची संख्या पुढे ९७ झाली. बाहेरची गर्दी कमी करण्यासाठी फाटक उघडण्याचा आदेश मैदानावरील पोलीस प्रमुखांनी दिला होता. मात्र त्याच दुपारी त्यांनी फुटबॉल अधिकाऱ्यांना सांगितले, की प्रेक्षकांनी फाटक जबरदस्तीने उघडले. ते खोटे होते, हे त्यांनी शपथेवर मान्य केले ते २०१५मध्ये.

पण मला जास्त अस्वस्थ करते ती त्यानंतरची गोष्ट. घटनेनंतर त्या दलातील पोलिसांना सांगण्यात आले, की आठवणी नेहमीच्या खिशातल्या नोंदवहीत लिहू नका, साध्या कोऱ्या कागदावर लिहा. नोंदवहीची पाने क्रमाने असतात. मधले एक फाडले तर ते कळते. सुट्या कागदाला मागचे-पुढचे पान नसते. शिपायांनी त्या कागदांवर बऱ्याच अंशी खरे लिहिले: वरिष्ठ दिसत नव्हते, बिनतारी संदेश नीट मिळत नव्हते, कोणाचा आदेश घ्यावा हे समजत नव्हते. ते कागद वरिष्ठांकडे आणि दलाच्या वकिलांकडे गेले, आणि स्वतंत्र मंडळाने २०१२मध्ये जुनी दप्तरे तपासली तेव्हा १६४ जबाबांत मोठे फेरफार आढळले. त्यांतील ११६ जबाबांमधून पोलीस दलाला अडचणीची ठरणारी वाक्ये काढली किंवा बदलली गेली होती. बळींचा मृत्यू बेकायदेशीररीत्या घडला, हा ज्यूरीचा निर्णय यायला २०१६ उजाडले. जबाबांतील फेरफारांबद्दल दोन निवृत्त पोलीस अधिकारी आणि दलाचे तेव्हाचे एक वकील यांच्यावरचा खटला मात्र मे २०२१मध्ये कोसळला. न्यायाधीशांच्या मते, ज्या चौकशीसाठी ते जबाब तयार केले होते ती वैधानिक नव्हती, त्यामुळे न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा गुन्हा तेथे लागूच होत नव्हता.

या हकिकतीत शिपाई हा खलनायक नाही, उलट पहिला फसवला गेलेला माणूस तोच आहे. त्याने पाहिलेले लिहिले आणि कोणीतरी ते खोडले. उत्तरदायित्वाची मागणी म्हणजे पोलिसांविरुद्धची मोहीम, असे जे चित्र रंगवले जाते, त्यात हा शिपाई कोठेच बसत नाही. पानांचे क्रमांक असलेली, कोणालाही मागून हात न लावता येणारी नोंदवही सर्वांत जास्त त्याच्याच कामाची असते.

आता खाडाखोडीची गरजही उरलेली नाही. निवडून लिहिले की काम भागते. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनिॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यावर तेथील पोलीस विभागाने काढलेल्या पत्रकाचे शीर्षक साधारण असे होते: पोलिसांशी संबंध आला असता वैद्यकीय घटनेनंतर इसमाचा मृत्यू. पत्रकात बेड्या घातल्याचा उल्लेख होता, रुग्णवाहिका बोलावल्याचा होता, इसमाने शारीरिक प्रतिकार केल्याचाही होता. एका पोलीस अधिकाऱ्याने त्यांच्या मानेवर दाबून धरलेल्या गुडघ्याचा मात्र नव्हता. मला सर्वांत बोलके वाटते ते पत्रकातील आणखी एक विधान: घटनेच्या वेळी अंगावरचे कॅमेरे चालू होते. म्हणजे चित्रण त्यांच्याच ताब्यात होते आणि तरीही हे पत्रक निघाले. रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या फोनवर केलेले चित्रण त्याच रात्री लोकांसमोर आले नसते, तर ती वैद्यकीय घटनाच राहिली असती. पुढे एप्रिल २०२१मध्ये संबंधित अधिकारी खुनाच्या आरोपात दोषी ठरला.

म्हणूनच 'कॅमेरे लावा' या उत्तराने माझे समाधान होत नाही. वॉशिंग्टन डीसीमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७मध्ये आले: कॅमेरा लावलेले आणि न लावलेले यांच्या बळाच्या वापरात किंवा त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींत सांख्यिकीदृष्ट्या दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. शिकागोमध्ये ऑक्टोबर २०१४मध्ये लक्वान मॅकडोनल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. तो चाकू घेऊन अंगावर आला, असे अहवालांत लिहिले गेले; गाडीवरच्या कॅमेऱ्यात तो पोलिसांपासून दूर चालताना दिसत होता. ते चित्रण लोकांना पाहायला मिळाले तेरा महिन्यांनी, तेही न्यायालयाच्या आदेशामुळे. भारतात प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजही टिपणारे कॅमेरे लावावेत आणि चित्रण शक्यतो अठरा महिने जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये सांगितले. सप्टेंबर २०२५मध्ये ठाण्यांत चालू स्थितीतले कॅमेरे नसल्याची दखल त्याच न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. कॅमेरा हीसुद्धा एक नोंदवहीच आहे. तिची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न तसाच राहतो.

    

किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्याचा एक प्रयत्न मला अनुकरणीय वाटतो, आणि तो झाला तो पोलिसांवरचा विश्वास जवळजवळ संपलेल्या ठिकाणी. उत्तर आयर्लंडमध्ये नोव्हेंबर २०००मध्ये पोलीस लोकपालाचे स्वतंत्र कार्यालय सुरू झाले. त्याचे तपासनीस पोलीस दलाच्या अखत्यारीत नसतात, तरी त्यांना तपासाचे अधिकार असतात. आणि पोलिसांच्या वर्तनामुळे मृत्यू झाला असण्याची शक्यता दिसली, की पोलीस प्रमुखांना ते प्रकरण लोकपालाकडे सोपवावेच लागते, कोणी तक्रार करो वा न करो. लोकपालाचे अहवाल पोलिसांना अनेकदा झोंबले, त्यांवरून कडाक्याचे वादही झाले. मात्र तेथे पहिली हकिकत लिहिणारा आणि ती तपासणारा यांचे वरिष्ठ एक नाहीत.

हिल्सबरोच्या बळींच्या कुटुंबांनी अनेक वर्षे लावून धरलेली मागणी याच्याही एक पाऊल पुढची होती: सार्वजनिक अधिकाऱ्याने चौकशीपुढे खरे आणि पूर्ण सांगणे हे कायदेशीर कर्तव्य ठरावे आणि ते मोडल्यास शिक्षा व्हावी. तसे विधेयक सप्टेंबर २०२५मध्ये ब्रिटिश संसदेत मांडले गेले. त्यातला 'पूर्ण' हा शब्द मला 'खरे' या शब्दापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मिनिॲपोलिसच्या पत्रकातली बहुतेक वाक्ये सुटी सुटी वाचली तर खरीच होती. माझ्या तक्रारीतही फोन माझ्याजवळ नव्हता, हे खरेच होते.