पद्मिनीची मागची काच

आज रत्नागिरीत प्रीमियर पद्मिनी गाडीच्या मागच्या काचेचं रबर बदललं. काच उतरवायला फार वेळ लागत नाही, दिवस खातो तो गंज. खारा वारा, त्यात चार महिने पाऊस. पाणी खालच्या दोन कोपऱ्यांत साचतं आणि रबराखाली पत्रा कुजतो. वरून रंग मात्र झकास!

जुनं रबर कटरने कापून काढा, पान्याने उचकटू नका. काच टफन्ड (तापवून कडक केलेली) आहे, कडेला ठोकर बसली की खडीसाखरेसारखे तुकडे. गंज घासून प्रायमर, रंग, आणि तो पूर्ण सुकू द्या. इथेच सगळे घाई करतात.

नवं रबर उन्हात मऊ करून आधी काचेवर चढवायचं. मीटरवर मिळणारं असेल तर सेंटिमीटरभर जास्त ठेवा, ते आखडतं. रबराची जी खाच पत्र्यावर बसते तिच्यात ४-५ मिमी नायलॉन दोरी, टोकं खाली मध्यावर वीतभर एकमेकांवर. साबणाचं पाणी लावा. ऑइल-ग्रीसने रबर फुगतं. काच बाहेरून जागेवर टेकवा, दोरीची टोकं आत घ्या. एकाने बाहेरून तळहाताने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. रबराची आतली पाळ (कड) आपोआप पत्र्यावर बसते. मग बाहेरच्या पाळीखाली सीलंट.

पाइपाचं पाणी खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर न्या, गळती नेमकी सापडते. डिकीतलं मॅटिंग त्याआधी काढलेलं बरं.